भेगेचं टोक

वहिनीचा नवरा कुणाशी ओळख करून देताना आपल्या बहिणीला शास्त्रज्ञ म्हणे आणि बायकोबद्दल सांगे, "ही पण तिथेच असते." दोघी खरंच तिथेच असत. एकच लॅब, एकच खोली, मध्ये दीड टेबलाचं अंतर. त्याला कुणी टोकलं असतं तर त्यानं भाबडेपणानं विचारलं असतं की यात चुकीचं काय बोललो. चुकीचं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. नणंदेकडे पॉलिमरशास्त्रातली मोठी पदवी होती. वहिनीकडे दोन वर्षांचा डिप्लोमा होता आणि अठरा वर्षांची नोकरी.

कंपनी लहान होती. धातू, काच, प्लास्टिक, फायबरग्लास यांना एकमेकांशी जोडणारी द्रव्यं ती बनवी. डब्यांवर कितीही भारदस्त नावं छापली तरी लॅबमध्ये त्या सगळ्याला गोंदच म्हणत. तिथे वहिनीला पूर्वी 'बाई' म्हणायचे, आणि त्या एका शब्दात बराच मान होता. सात महिन्यांपूर्वी नणंद नोकरीला लागली. पहिल्याच दिवशी तिनं खोलीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारली, "वहिनी, हातमोजे कुठे ठेवता तुम्ही?" घरी ती वहिनीला अगं-तुगं करायची, लॅबमध्ये मात्र आठवणीनं 'तुम्ही' म्हणायची. पण ती हाक लोकांना आवडली. आठवड्याभरात स्टोअरवाल्यापासून लॅबप्रमुखांपर्यंत सगळे वहिनी म्हणू लागले. अठरा वर्षांत कमावलेलं नाव एका हाकेत गेलं, असं वहिनीला वाटलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं, कारण नवं नाव तसं प्रेमाचंच होतं.

नणंद चौदा वर्षांची असताना वहिनी लग्न होऊन त्या घरात आली होती. मुलगी प्रश्न विचारून जीव नकोसा करायची. वहिनीनं तिला एकदा स्वयंपाकघराच्या टेबलावर कागदाची पट्टी लाकडी फळीवर चिकटवून दाखवली होती. आधी पट्टी सरळ ओढायला सांगितली. निघाली नाही, फाटली. मग दुसऱ्या पट्टीचा कोपरा उचलून सोलायला सांगितली. अलगद सुटून आली. गोंद तोच, फळी तीच. ओढून जे निघत नाही ते सोलून निघतं, एवढंच वहिनी म्हणाली होती. मुलगी रात्री झोपेपर्यंत पट्ट्या चिकटवून सोलत बसली. पुढे तिनं तेच शिकायचं ठरवलं तेव्हा वहिनीला केवढा आनंद झाला होता. तो आनंद नेमका कधी नासला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वहिनीचा गोंद म्हणजे सत्तावीस नंबर. सव्वीस मिश्रणं वाया गेल्यावर सहाव्या वर्षी जमलेलं, करड्या रंगाचं, दाट इपॉक्सी. कंपनीत डिप्लोमावाल्या माणसानं बनवलेला आणि बाजारात टिकलेला तो एकच गोंद होता. नणंदेनं सात महिन्यांतच स्वतःचं मिश्रण तयार केलं. ते पिवळसर आणि पारदर्शक होतं, म्हणून सगळे त्याला मध म्हणू लागले. आकडा नाही, सरळ मध. वहिनीला याचाही राग आला.

नेमकी त्याच सुमारास शिड्या बनवणारी एक कंपनी आली. विजेच्या तारांवर काम करणाऱ्यांसाठीच्या शिड्या: उभे दांडे फायबरग्लासचे, म्हणजे वीज वाहत नाही, आणि पायऱ्या ॲल्युमिनियमच्या. दांडा आणि पायरी जोडायला त्यांना एक गोंद हवा होता, एकच, आणि तो दहा वर्षांसाठी. त्यांनी निवडलेला गोंदच पुढे कंपनी मोठ्या प्रमाणावर काढणार होती. मिश्रणाचं मोठं यंत्र एकच असल्यानं दुसरा गोंद आपोआप बंद पडणार होता. सत्तावीस राहतो की जातो, हे त्यावर ठरणार होतं. वहिनीला त्या सहा आठवड्यांत दुसरं काही सुचत नव्हतं.

ओढून तोडण्याच्या मशीनवर दोन्ही गोंद जवळजवळ सारखे आले. मध किंचित पुढे. पण कोरड्यात सगळेच गोंद शूर असतात. शिडी उन्हात तापते, पावसात भिजते, ओलीच गाडीवर बांधली जाते. खरी परीक्षा ओलाव्याची आणि काळाची, आणि त्यासाठी लॅबमध्ये पाचरीची चाचणी होती.

ती अशी. ॲल्युमिनियमच्या दोन वीतभर पट्ट्या एकमेकींवर चिकटवायच्या. गोंद पक्का झाला की एका टोकाला दोघींच्या मध्ये स्टीलची लहान पाचर ठोकायची. गोंद थोडा फाटतो, भेग पुढे सरकते आणि थांबते. जिथे थांबली तिथे कडेवर सुईनं खूण करायची आणि पाचरीसकट ती जोडी गरम, दमट चेंबरमध्ये ठेवून द्यायची. आत ओलावा भेगेच्या टोकाशी बसून गोंदाला कुरतडत राहतो. तासानं, दिवसानं, आठवड्यानं जोडी बाहेर काढून भेग किती सरकली ते बाजूनं भिंगातून मोजायचं. भेग जितकी कमी सरकेल तितका गोंद टिकाऊ.

सत्तावीसच्या सहा जोड्या झाल्या, मधाच्या सहा. आता मोजणार कोण? लॅबचा रिवाज होता की ज्याचा गोंद त्यानं मोजायचा नाही. लॅबप्रमुखांना पाठीमागे सगळे 'बघूया' म्हणत, कारण रजा मागा, नवं भिंग मागा, ते आधी "बघूया" म्हणायचे. त्या दिवशीही ते तेच म्हणाले. तेवढ्यात नणंद हसत म्हणाली, की वहिनींचा डोळा असताना दुसरा शोधायचा कशाला, दोन्हीकडचं त्यांनीच मोजावं, माझी काही हरकत नाही. बघूयांनी सुटकेचा श्वास टाकला. वहिनीला मात्र ते झोंबलं. इतका दिलदारपणा जिंकायची खात्री असलेल्यालाच परवडतो, असं तिच्या मनात आलं. पहिल्या खुणा दोघींनी मिळून केल्या. पुढचं सगळं मोजमाप वहिनीकडे आलं.

भेगेला टोक नसतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पाचरीजवळ ती चांगली ठळक दिसते. पुढे केसाएवढी होते, मग केसाच्या सावलीएवढी, आणि मग अशी जागा येते की तिथे भेग आहे, की पट्टी कापतानाचा ओरखडा आहे, की नुसता डोळ्याचा शीण, हे ठरवावं लागतं. कुठेतरी थांबून माणसानं म्हणायचं असतं, इथे संपली. वहिनी अठरा वर्षं हे म्हणत आली होती. दुसऱ्या लॅबकडे पाठवलेल्या पट्ट्यांचे आकडे परत येत तेव्हा ते वहिनीच्या आकड्यांशी जुळत, आणि बघूया आल्यागेल्याला ते कौतुकानं सांगत.

त्या सहा आठवड्यांत ती डोळ्यांत तेल घालून मोजत होती. मधाच्या पट्ट्या हातात घेताना तर जास्तच, आपल्याकडून पक्षपात होतो असं कुणी म्हणायला नको म्हणून. दीड टेबलापलीकडे नणंद काहीतरी गुणगुणत मिश्रण ढवळत असायची. तिचं अक्षर सुंदर होतं. बघूया तिच्या टेबलाशी दोन मिनिटं जास्त थांबत. घरी जेवताना नवरा विचारी, "काय म्हणतोय तुमचा गोंद?" आणि उत्तराची वाट बहिणीकडे बघून पाही. वहिनी भाजी वाढे आणि सगळं पाहून ठेवी. तिला वाटायचं, आपल्यासारखं बारीक पाहणारं माणूस या घरात दुसरं नाही.

तिसाव्या दिवशी नोंदवहीत आकडे होते ते असे: सत्तावीसची भेग सरासरी चार मिलिमीटर सरकली होती, मधाची साडेपाच. सत्तावीस पुढे होता. वहिनीनं नोंदवही मिटली आणि आपला चेहरा कसा दिसतोय ते बघायला हात धुवायच्या निमित्तानं बेसिनवरच्या आरशापाशी गेली. नणंदेनं आकडे दोनदा वाचले. मग म्हणाली, "छान आहे सत्तावीस. मला वाटलं होतं त्याहून छान." वहिनी त्या दिवशी घरी चालत गेली, आणि वाटेत तिला प्रत्येक दुकानाची पाटी वाचावीशी वाटली.

अहवाल शुक्रवारी दुपारी चारला जायचा होता. शिडीवाल्यांनी प्रत्येक पट्टीचा फोटो मागितला होता, आणि भेगेच्या टोकाशी बाण काढलेला हवा होता. वहिनीनं सकाळी बारा फोटो काढले, प्रत्येकात बाजूला मोजपट्टी ठेवून. छपाईयंत्रातली रंगीत शाई संपली होती. काळीपांढरी छापा, बघूया म्हणाले, भेग काही रंगीत नसते. वहिनीनं बारा कागद छापले, मागे पेन्सिलीनं पट्टीचे क्रमांक लिहिले, आणि चहा घ्यायला जाताना ते कोपराचा धक्का लागून खाली पसरले. तिनं ते गोळा करून तसेच टेबलावर रचले. परत येऊन ती एकेका फोटोवर बाण काढू लागली. नोंदवही उघडायची गरज तिला वाटली नाही. टोक शोधणं तिच्या हाताच्या सवयीचं होतं.

बारा बाण झाले. मग तिनं प्रत्येक फोटोतलं अंतर मोजून खाली लिहिलं, कागद उलटे केले आणि क्रमांकाप्रमाणे नोंदवहीशी ताडून पाहिले.

सत्तावीसचे सहाच्या सहा जुळले. मधाचे एकही नाही. मधाच्या प्रत्येक फोटोत भेग नोंदवहीपेक्षा दोन-अडीच मिलिमीटर आखूड होती. सरासरी आली सव्वातीन.

आधी तिला फोटोंचाच संशय आला. मग मोजपट्टी सरकली असेल, मग छपाईत काही झालं असेल. पण कागद तेच, यंत्र तेच, आणि करड्या गोंदाचे आकडे बरोबर. तिनं चेंबरमधून मधाची एक पट्टी काढली, भिंगाखाली धरली आणि नेहमीसारखी भेगेच्या मागे मागे गेली. केस, केसाची सावली. फोटोत तिनं इथे बाण काढला होता. पण हातात पिवळी कड असताना तिचा डोळा थांबला नाही. तो पुढे गेला, शोधत गेला, आणि दोन मिलिमीटर पुढे एक अंधुक रेघ सापडल्यावर समाधानानं थांबला. तिनं सत्तावीसची पट्टी घेतली. तिथेही सावलीच्या पुढे तशीच अंधुक रेघ होती. तिच्याकडे आजवर तिचं लक्षही गेलं नव्हतं.

म्हणजे आपल्या गोंदाच्या बाबतीत ती खात्री पटेल तिथे थांबत होती, आणि नणंदेच्या बाबतीत संशय संपेल तिथे. काळ्यापांढऱ्या कागदावर कोण कुणाचं ते कळत नव्हतं, म्हणून दोघींना एकच न्याय मिळाला होता.

तिनं एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. शपथेवर सांगितलं असतं. छत्तीस वेळा ती मधाच्या पट्टीवर वाकली होती, आणि छत्तीस वेळा तिला जे दिसलं तेच तिनं लिहिलं होतं.

अकरा वाजले होते. हे कुणालाच कळणार नव्हतं. फोटो पुन्हा छापायचे, बाण नोंदवहीप्रमाणे काढायचे, झालं. तिनं खरंच एक फोटो पुन्हा छापला, मधाचा, आणि नोंदवहीतल्या आकड्यावर बाण काढला. बाणाचं टोक अखंड गोंदावर टेकलं होतं. तिथे काही नव्हतं. कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून उभं राहिलेल्या माणसासारखा तो बाण दिसत होता. आतापर्यंत ती चुकली होती. हा बाण मात्र खोटा होता, आणि तो तिनं काढला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग तिनं तो कागद फाडला, बाकीचे बारा उचलले आणि बघूयांच्या खोलीत गेली.

नणंद तिथेच होती, अहवालाचं पहिलं पान वाचून दाखवत होती. वहिनीला ते सोयीचंही वाटलं आणि जिवावरही आलं. तिनं कागद टेबलावर ठेवले आणि सांगितलं की मधाचे आकडे चुकले आहेत, खरे आकडे हे. बघूयांनी कागद पाहिले, नोंदवही मागवली, दोन्ही पाहिलं, चष्मा काढून पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा दया जास्त होती. लॅबमध्ये खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण.

"कारण दृष्टी लिहा," ते हळूच म्हणाले. "चाळिशी उलटली की होतंच सगळ्यांचं. मी नंबर काढला तेव्हा मला महिनाभर सगळं दोन-दोन दिसत होतं. त्यात काय."

वाट सोपी होती आणि त्यांनी ती मनापासून दाखवली होती. नणंदेनंही मान हलवली. वहिनीला क्षणभर ते पटल्यासारखं झालं.

"डोळ्याचा दोष असता तर दोन्हीकडे सारखा आला असता," वहिनी म्हणाली.

बघूयांना समजायला थोडा वेळ लागला, नणंदेला नाही. ती आधी फोटोंकडे बघत होती, मग तिनं वर बघितलं.

"तू मोजावंस असं मीच म्हटलं होतं, वहिनी," ती म्हणाली. लॅबमध्ये ती पहिल्यांदाच तू म्हणाली. "मीच."

"हो."

"घरी मी दादाला सांगितलं, माझं काही खरं नाही, सत्तावीस भारी निघाला. तीन रात्री मी माझं मिश्रण कुठे चुकलं ते शोधत बसले. तीन रात्री."

मी मुद्दाम केलं नाही, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण मुद्दाम केलं असतं तर निदान ते थांबवता तरी आलं असतं. ती नोंदवही घेऊन टेबलाशी बसली आणि छत्तीस आकड्यांवर छत्तीस रेघा मारल्या. शेवटच्या सहांशेजारी नवे आकडे लिहिले. आधीचे तीस पुन्हा मोजता येणार नव्हते, भेगा तिथून पुढे निघून गेल्या होत्या. त्यांच्यासमोर तिनं 'विश्वासार्ह नाही' असं लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, 'मोजणारीचा कल'. पेन ठेवलं तेव्हा तिला फार हलकं वाटत होतं. आपल्यातलं जे काय होतं ते आता कागदावर आलं, संपलं, असं वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर पट्ट्या उघडायच्या होत्या. चाचणीचं ते शेवटचं पाऊल. पाचर आणखी आत ठोकून दोन्ही पट्ट्या पूर्ण वेगळ्या करायच्या आणि आतून गोंद कसा तुटला ते बघायचं. गोंद मध्येच फाटून दोन्ही पट्ट्यांवर राहिला तर चांगलं. धातूनं त्याला धरून ठेवलं आहे. पण एक पट्टी उघडी पडली, नुसता चकचकीत धातू राहिला, तर धोका. तिथे पाण्यानं गोंदाला धातूवरून सोललेलं असतं. आज भेग आखूड असेल, पण उद्या ती सुसाट जाईल.

सत्तावीस उघडला, दोन्ही बाजूंना करडा थर, खरवडलेल्या भिंतीसारखा. मग नणंदेनं मधाच्या पट्ट्या उघडल्या. ओलावा कुठपर्यंत पोचला होता ती सीमा आत स्पष्ट दिसत होती, आणि ती फोटोंशी जुळत होती. दोघी बाजूबाजूला वाकल्या होत्या. तेव्हा वहिनीला ते दिसलं. सीमेच्या अलीकडे, नखाएवढी जागा चमकत होती. दुसऱ्या पट्टीवरही. तिसऱ्यावरही.

तो उघडा धातू होता. भेग आखूड असली तरी मध सोलून निघत होता, आणि त्या पायरीवर कुणीतरी माणूस उभा राहणार होता. हे सांगायलाच हवं होतं. आणि तीन तासांपूर्वी स्वतःच्या हातानं स्वतःचा डोळा नालायक ठरवून बसलेल्या बाईनं सांगायचं, तर ऐकणार कोण? यावेळी मी बरोबर आहे, ती मनात म्हणाली. यावेळी मत्सर नाही, शिडीवरच्या माणसाची काळजी आहे. तिनं भिंग नणंदेच्या हातात दिलं आणि चमकणाऱ्या जागेवर बोट ठेवलं.

नणंदेनं खूप वेळ बघितलं. "थर आहे," ती म्हणाली. "माझा गोंद पारदर्शक आहे. पातळ थर असला की खालचा धातू दिसतो."

"मला धातू दिसतोय."

"मला थर दिसतोय."

दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या. नणंद स्वतःच्या गोंदाला वाचवत असेल, आणि वहिनी तो पाडत असेल. डोळ्यांवर सोडण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मग नणंद गेली आणि मल्टिमीटर घेऊन आली. धातूला वीज जाते, गोंदाला नाही. एक तार पट्टीच्या मोकळ्या टोकाला लावायची आणि दुसरी त्या चमकणाऱ्या जागी टेकवायची. धातू उघडा असेल तर मीटर वाजेल. टोकदार तार थराला भोसकून आत जाऊ नये म्हणून नणंदेनं तिच्या टोकाला चंदेरी कागदाची मऊ गोळी गुंडाळली आणि तार वहिनीच्या हातात दिली.

वहिनीनं ती टेकवली. मीटर गप्प. जरा सरकवून टेकवली. गप्प. दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली. सहाही पट्ट्यांवर, प्रत्येक चमकणाऱ्या ठिपक्यावर, ती तार टेकवत गेली, कडेला, मध्ये, पुन्हा कडेला. एकदा तिनं दोन्ही तारा एकमेकींना लावून पाहिल्या आणि मीटर इतक्या मोठ्यानं वाजला की दारातून जाणारे बघूया थबकले. मीटर ठीक होता. ती पुन्हा पट्टीकडे वळली. किती जागा झाल्या ते तिनं मोजलं नाही, नणंदेनं मोजलं असावं. वहिनीला आता ऐकू येत होतं ते एवढंच की तिचा अख्खा जीव त्या आवाजाची वाट पाहतो आहे. शिडीवरच्या माणसाची काळजी असती तर या शांततेनं बरं वाटायला हवं होतं.

तिनं तार खाली ठेवली. नोंदवहीत लिहिलं, 'थर शाबूत. सहाही पट्ट्या.' आणि सही केली.

चार वाजता अहवाल गेला. मध शिड्यांसाठी. सत्तावीसचा शिल्लक माल संपेपर्यंत विकायचा, मग बघूया, असं बघूया म्हणाले, आणि यावेळी त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. जाताना त्यांनी वहिनीच्या टेबलाशी थांबून भिंग जरा सरळ ठेवलं.

खोली रिकामी झाली. नणंद भांडी विसळत होती. घरी दोघींना एकाच बसनं जायचं होतं आणि दोघीही उशीर करत होत्या. वहिनीनं मधाची उघडलेली पट्टी अजून हातात धरली होती. इतक्या ओलाव्यात, इतक्या उष्णतेत, हा कागदाहून पातळ थर धातूला सोडत नव्हता. सात महिन्यांत तिनं एक गोष्ट विचारली नव्हती, कारण विचारणं म्हणजे मान्य करणं.

"काय घातलंस यात?" तिनं विचारलं.

नणंदेनं नळ बंद केला. ती लगेच वळली नाही. मग हात पुसत आली, टेबलापलीकडच्या स्टुलावर बसली आणि सांगू लागली. आधी तुटक, मग तिला राहवेना. विशेष काही नव्हतं. रेझिन तेच, त्याला कडक करणारा हार्डनर तोच. गोंद दाट करायला जी खनिजाची भुकटी घालतात ती तिनं आधी ओव्हनमध्ये कोरडी केली होती आणि गरम असतानाच तिला सिलेन नावाचं रसायन चोळलं होतं. सिलेनचा एक हात खनिजाला धरतो, दुसरा गोंदाला. मग पाण्याला दोघांच्या मध्ये शिरायला जागाच राहत नाही. धातूवर सिलेन सगळेच लावतात. तिनं ते भुकटीलाही लावलं, इतकंच.

"एवढंच?"

"एवढंच."

सिलेनची बाटली नऊ वर्षं वहिनीच्याच कपाटात होती, डावीकडून तिसरी. वर्षातून दोनदा ती स्वतः तिच्यावरची धूळ पुसायची. मोठी पदवी, परकी यंत्रं, अवघड गणितं, यांच्यापुढे हरले असते तर एक वेळ सोसलं असतं. हे तिला सुचण्यासारखं होतं. सकाळपासून जे काही सोसलं त्यात हे सर्वांत जास्त लागलं, आणि लागत असतानाच तिचं डोकं पुढे धावत होतं. सत्तावीसमध्ये भुकटी मधाच्या दुप्पट होती. करडी, दाट, दुप्पट. तिलाच हे चोळलं तर?

तिनं वही ओढली. "किती तास ठेवलीस ओव्हनमध्ये?"

"चार."

"किती अंशावर?"

नणंदेनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिची नजर वहिनीच्या वहीवर गेली, तिथून कपाटातल्या तिसऱ्या बाटलीवर, तिथून सत्तावीसच्या डब्यावर. फार तर दोन श्वासांचा वेळ गेला असेल. ते थांबणं वहिनी चांगलं ओळखत होती; सकाळी त्या खोट्या बाणापाशी तीही अशीच थांबली होती.

"एकशे दहा," नणंद म्हणाली.

वहिनीनं आकडा लिहून घेतला. आणि सोमवारी आधी नव्वदवर, मग एकशे तीसवर करून बघायचं, असं त्याच्याखाली बारीक अक्षरात टिपून ठेवलं.